साठीनंतर मेडिक्लेम बंद करावा का? 'पारसिक' काकांच्या पोस्टला उत्तर

नेरूळ सेक्टर १९

'पारसिक' काकांनी परवा लिहिलं की चौदा वर्षं चालवलेला मेडिक्लेम त्यांनी यंदा भरलाच नाही. दोघांचा मिळून प्रीमियम ६२,४०० झाला. चौदा वर्षांत एकच क्लेम, मोतीबिंदूचा: बिल ५८,०००, हातात आले ३०,०००. म्हणून आता तेच पैसे दरवर्षी एफडीत टाकणार. सत्तरीनंतर सरकारचं कार्ड आहेच, आणि 'साठीनंतर मेडिक्लेम म्हणजे कंपनीला देणगी'. खाली सगळ्यांनी 'अगदी बरोबर बोललात' म्हणून माना डोलावल्या. ते वाचून मला राहवलं नाही.

काका, हिशेब तुम्ही मांडलात तसाच मांडते. वर्षाला ६० हजार, ७ टक्के व्याज, दहा वर्षांनी साधारण सव्वाआठ लाख. पण आजारपण दहा वर्षं थांबतं का? दुसऱ्याच वर्षी काही झालं तर तुमच्या एफडीत सव्वा लाख असतील. माझे बाबा तुमच्याच वयाचे. मागच्या पावसाळ्यात ताप उतरेना म्हणून वाशीला नेलं, न्यूमोनिया निघाला, नऊ दिवस आयसीयू. बिल ५ लाख ७०. क्लेम न केल्याबद्दल मिळालेला बोनस धरून साडेसात लाखांचं कव्हर होतं, कंपनीने ५ लाख १२ दिले. त्या नऊ दिवसांत आईने एकदाही 'पैशाचं काय' असं विचारलं नाही. मला त्याची किंमत प्रीमियमपेक्षा जास्त वाटते.

आणि चौदा वर्षं जुनी पॉलिसी हातची कोण सोडतं? तुमचे सगळे वेटिंग पिरियड, म्हणजे ठरावीक आजारांचा क्लेम मिळायला थांबायचा काळ, कधीच संपलेत. सलग पाच वर्षं झाली की लबाडी सिद्ध केल्याशिवाय जुना आजार लपवला म्हणून क्लेम नाकारता येत नाही. एप्रिल २०२४ पासून नवीन पॉलिसीसाठीची ६५ वर्षांची अट गेली हे खरं, पण नवीन पॉलिसी द्यायची की नाही हे कंपनीच ठरवणार. एक्काहत्तराव्या वर्षी शुगर, बीपी सांगून अर्ज करून बघा. दिलीच तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबा म्हणतील.

मला एकच सांगा, ड्यू डेट कधी होती? तीस दिवसांच्या आत असाल तर अजून भरता येईल.

पारसिक

मुलीसारखी आहेस म्हणून शांतपणे सांगतो. २०२४ मध्ये एका वर्षात ३२ टक्के वाढवला. पत्र नाही, फोन नाही, थेट नोटीस. मोतीबिंदूच्या वेळी म्हणे 'सबलिमिट आहे (त्या उपचाराला ठरलेली कमाल रक्कम), कागदात लिहिलंय'. बारीक अक्षरात लिहिलं होतं आणि मोतीबिंदू झालेल्या माणसाने ते वाचायचं होतं! पेन्शन वाढते का ३२ टक्के? मुलगा म्हणतो बाबा मी भरतो. मला त्याच्याकडून घ्यायचं नाही, त्याचे स्वतःचे हप्ते आहेत.

आणि ७० च्या पुढे सरकारचं वय वंदना कार्ड आहे, मोफत उपचारांचं, ५ लाखांपर्यंत, उत्पन्नाची अट नाही. ते असताना दुसरं कशाला?

कोपरी ठाणे पूर्व

काका, ३० जानेवारी २०२५ ला इर्डाने (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) सांगितलंय की ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर आधी आमच्याशी बोला. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटीही गेला. तुमचे ६२,४०० जुन्या नोटिशीतले असतील तर नवीन आकडा मागवा.

जुना टीटीसीवाला

मी काकांच्या बाजूचा. ठाणे-बेलापूर रोडवर ३२ वर्षं काढली, कंपनीचं कव्हर होतं, स्वतःचं घ्यायचं कधी सुचलं नाही. रिटायर झालो त्या दिवशी ते संपलं. साठाव्या वर्षी एजंट घरी आला. शुगर आहे म्हणून मी त्याला तोंडाने सांगितलं. तो म्हणाला साहेब, गोळीवर कंट्रोल आहे ना, मग लिहायची गरज नाही. 'नाही'वर टिक त्याने केली, सही मी. चौदा महिन्यांनी स्टेंट पडली. रुग्णालयाने जुना कागद बघून 'आठ वर्षांपासून मधुमेह' लिहिलं. क्लेम नामंजूर, वर पॉलिसीही रद्द. २ लाख १० हजार खिशातून गेले. तो एजंट आजही पोळी-भाजी केंद्रापाशी भेटतो, हात करतो.

नेरूळ सेक्टर १९

टीटीसी काका, वाईट झालं. पण ही चूक एजंटची, विम्याची नाही. बीमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) गेला होतात? फी नाही, वकील लागत नाही.

जुना टीटीसीवाला

छातीत स्टेंट घेऊन कुठे धावणार होतो? शुद्धीवर येईपर्यंत वर्ष उलटलं, मुदत गेली. आणि सही माझीच होती, हे मला कोणी सांगायला नको.

घोडबंदर

सगळे प्रीमियमवर भांडताय, रूम रेंटबद्दल कोणीच बोलत नाही. सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. पॉलिसी ५ लाखांची, खोलीला १ टक्का म्हणजे दिवसाला ५,०००. आम्ही ८,००० ची सिंगल घेतली. वाटलं रोजचे वरचे तीन हजार भरू. तसं नसतं! बिल २ लाख ८० हजार. खोलीचे ४८ मधले ३० दिले. सर्जन, भूल, ओटी, व्हिजिट मिळून १ लाख २० होते, त्यातले फक्त ७५, कारण खोली महाग तर सगळंच त्या प्रमाणात कापतात. औषधं, तपासण्या, इम्प्लांट मिळून एक लाख, ते पूर्ण दिले. हातमोजे वगैरे १२ हजार नॉन-पेएबल, म्हणजे कंपनी देतच नाही. खिशातून ७५,००० गेले. अ‍ॅडमिशनच्या रात्री टीपीए डेस्कवर (रुग्णालयातलं विम्याचं काउंटर) एका शब्दाने कोणी सांगितलं नाही.

नौपाडा

पण ताई, दोन लाख पाच हजार मिळाले ना? ट्विन शेअरिंग घेतली असती तर १२ हजारांत सुटला असता. सिंगल रूम सासूबाईंना हवी होती की भेटायला येणाऱ्यांना एसीत बसायला?

घोडबंदर

हे लिहिण्याआधी विचार करायला हवा होता. आधी ट्विनच दिली होती. मध्ये एक पडदा, पलीकडच्या पेशंटचे दोन-तीन नातेवाईक रात्रभर. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, कूस वळता येत नाही, बेडपॅन द्यायचा तर प्रत्येक वेळी परक्या माणसांना बाहेर जा म्हणायचं. दुपारपासून त्यांनी पाणी पिणंच बंद केलं, बेडपॅन मागावा लागू नये म्हणून. मला कळलं तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते, ओठ सुकून गेले होते. त्या रात्री खोली बदलली. आणि परत वेळ आली तर परत बदलेन.

नौपाडा

माझी चूक झाली. शब्द मागे घेतो. पण खोलीची मर्यादा नसलेल्या पॉलिसी मिळतात, प्रीमियम जास्त पडतो, हेही खरं आहे.

कोपरी ठाणे पूर्व

खोलीपेक्षा डिस्चार्जचं बोला. तीन तासांत फायनल अप्रूव्हल द्यायचा नियम २०२४ पासून आहे. माझ्या आईला सकाळी अकराला घरी जा म्हणाले, साडेसातला सोडलं. कंपनी म्हणते कागद आले नाहीत, डेस्क म्हणतो पाठवले, क्वेरी आलीये. दुपारी तीनला मी स्वतः मागे उभा राहिलो तेव्हा दिसलं की फाइल अजून ट्रेमध्येच पडलेली. तीन तास मोजायचे कुठून? कागद पोचल्यापासून! तोवर आई अंथरुणाच्या कडेला पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, सलाइनची सुई काढलेल्या जागी कापूस तसाच.

जुना टीटीसीवाला

आमच्याकडे रोख होती म्हणून आम्ही एक वाजता घरी. हाही फरक लक्षात घ्या.

घोडबंदर

दोन लाख दहा हजार रोख भरून एक वाजता घरी जाण्यापेक्षा मी साडेसातपर्यंत बसेन.

नेरूळ सेक्टर १९

मूळ प्रश्न राहून गेला. पारसिक काका, वय वंदना कार्ड चांगलं आहे, बाबांचंही काढलं मी. खाजगी पॉलिसी असली तरी मिळतं, त्यामुळे हे किंवा ते असा प्रश्नच नाही. पण काकू ६६ च्या आहेत असं तुम्हीच लिहिलंत. त्यांना ते अजून चार वर्षं मिळणार नाही.

पारसिक

तिला राज्य सरकारची फुले आरोग्य योजना आहे. पांढरं रेशनकार्ड चालतं आता.

नेरूळ सेक्टर १९

चालतं, पण यादीतल्या रुग्णालयात आणि यादीतल्या उपचारांना. रात्री दोनला काकूंच्या छातीत दुखलं तर रिक्षा कुठे नेणार? ते रुग्णालय यादीत आहे का, आणि हृदयासाठी आहे का, एवढं आजच विचारून ठेवा. मी नेरूळला विचारलं तेव्हा जवळचं एक यादीत निघालं, पण फक्त डायलिसिससाठी.

जुना टीटीसीवाला

हे बरोबर बोलली. स्टेंट पडली तेव्हा आम्हीही जे जवळ होतं तिथेच गेलो. आयुष्यभर पुरेल एवढा राग आहे माझा विम्यावर, तरी बायकोची पॉलिसी मी चालू ठेवलीय. तिच्या फॉर्मवर मी स्वतः थायरॉइड लिहिलं, एजंटला पेन दिलं नाही. तीन वर्षं थांबलो, आता सगळं सुरू आहे.

नौपाडा

टीटीसी साहेब, मग तुम्ही काकांच्या बाजूचे कसे?

जुना टीटीसीवाला

माझ्यापुरता मी काकांच्या बाजूचा. तिच्यापुरता नाही.

पारसिक

आज सकाळी चौकशी केली. घराजवळ दोन आहेत. एक यादीत नाही. दुसरं आहे, पण हृदयाचं तिथे होत नाही, कळव्याहून पुढे जावं लागेल.

ड्यू डेट ४ तारीख होती, आज २६. शाखेत विचारलं, हिला एकटीला चालू ठेवता येईल, जुनी चौदा वर्षं धरून. जीएसटी गेल्यावर तिचा एकटीचा आकडा २७ हजारांच्या आत येतो. तेवढा भरतो. माझं नाव काढतो, मला कार्ड पुरे.

नेरूळ सेक्टर १९

काका, तुमचंही नाव राहू द्या. मुलाला भरू द्या ना एवढं, त्यालाही बरं वाटेल.

पारसिक

तो विषय नको. हिचा चेक उद्या सकाळी दहाला शाखेत देतो, स्वतः जाऊन, पावती घेऊन. फॉर्मवर खोलीची मर्यादा किती ते आधी विचारणार आहे, घोडबंदरच्या ताईंमुळे कळलं. पण मोतीबिंदूचे २८,००० मी विसरणार नाही.