मदत हवी आहे: छोटे धक्के म्हणजे मोठ्या भूकंपाची चाहूल का?

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात. जमिनीतून येणारे गूढ आवाज इथे वर्षानुवर्षांचे, त्यांची सवय झालीय. पण २०२४ च्या मार्चमध्ये ४.५ रिश्टरचा धक्का, लगेच ३.६ चा, आणि जुलैत पुन्हा ४.५! नंतरचे धक्के ओसरत जायला हवेत ना? किल्लारीलाही १९९३ च्या मोठ्या भूकंपाआधी, १९९२ मध्ये, असेच छोटे धक्के बसले होते. तेव्हापासूनची धास्ती आईच्या मनात आहे. माळवदाखाली (मातीच्या सपाट छताखाली) झोपायलाच तयार नाही. (कोयनेकडचे पाहुणे हसतात, त्यांना नेहमीचंच.)

हे पश्चात धक्के (मुख्य भूकंपानंतरचे) की पूर्वधक्के (त्याच्या आधीचे), ते आधीच ओळखता येतं का? दगडमातीच्या भिंतींना कमी खर्चात मजबुती कशी द्यावी? जाणकारांनीच सांगा, व्हॉट्सॲपवरच्या तारखा नकोत.