दोष स्वतःच बोलून दाखवला की तो माफ होतो का? ‘सेव्हन सायकोपाथ्स’ पाहिल्यानंतरची चर्चा

मूळ मत : वाचनालयाचा कार्यकर्ता, ब्रह्मपुरी तालुका

रविवारी आमच्या वाचनालयात मार्टिन मॅकडोना यांचा ‘सेव्हन सायकोपाथ्स’ (२०१२) दाखवला. धान कापणीची घाई असूनही सभागृह भरले होते. अर्ध्यावर काही जण उठून गेले, काही जण शेवटपर्यंत हसत राहिले, आणि त्यानंतर चहाच्या टपरीवर जो वाद झाला तो तिथे मिटला नाही, म्हणून इथे मांडतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मार्टी (कॉलिन फॅरेल) हा पटकथालेखक आहे. त्याच्या पटकथेला नाव मिळाले आहे, पण सात विकृत खुन्यांची पात्रे अजून पुरती सुचलेली नाहीत. त्याचा मित्र बिली (सॅम रॉकवेल) आणि वयस्क हान्स (ख्रिस्तोफर वॉकन) लोकांची कुत्री पळवतात आणि मालकाने बक्षीस जाहीर केले की ती परत नेऊन देतात. एके दिवशी ते चार्ली (वूडी हॅरेलसन) या माथेफिरू गुंडाची लाडकी शिह त्झू कुत्री पळवतात आणि तिथून रक्तपात सुरू होतो. मार्टीला गोळीबाराऐवजी शांततेबद्दल लिहायचे आहे, बिलीला मात्र शेवटी गोळीबार हवाच आहे, आणि ते दोघे ज्या पटकथेवर वाद घालतात तीच हळूहळू आपल्यासमोर घडू लागते.

माझा आक्षेप एकाच जागी आहे. हान्स मार्टीची पटकथा वाचून त्याला स्पष्ट सांगतो की तुझी स्त्रीपात्रे फार वाईट लिहिलेली आहेत, त्यांना बोलायला काही नाही आणि बहुतेक जणी पाच मिनिटांत मारल्या जातात. या वाक्यावर सभागृहात मोठा हशा पिकला. पण आपण पाहत होतो त्या चित्रपटातही हेच घडते. मार्टीच्या प्रेयसीला त्याच्याशी भांडण्यापलीकडे काम नाही, आणि चार्लीच्या प्रेयसीला बिली गोळी घालतो. म्हणजे दिग्दर्शकाला दोष दिसला होता, तो नेमक्या शब्दांत मांडण्याइतकी बुद्धीही त्याच्यापाशी होती, आणि तरी त्याने तो तसाच ठेवला. शेजारी आपला धुरा (शेताचा बांध) कोरतो आणि ‘हो, मी कोरतोच’ असे हसून सांगतो, म्हणून गेलेली जमीन परत येत नाही.

प्रतिसाद : निवृत्त मराठी शिक्षक, आमगाव

आपला आक्षेप गंभीर आहे, पण तो चित्रपटाच्या रचनेवर अन्याय करतो असे मला वाटते. कथेने स्वतःकडे वळून पाहणे हा परदेशी चाळा नव्हे. भवभूतीने ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत आपल्या घराण्याचे गाव म्हणून ज्या पद्मपुराचे नाव घेतले आहे, ते आमच्या आमगावजवळचेच पद्मपूर असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकात वाल्मीकींनी रचलेले नाटक अप्सरा सादर करतात आणि प्रेक्षकांत खुद्द राम बसलेला असतो. समोर सीतेचे दुःख पाहून राम इतका व्याकूळ होतो की हे नाटक आहे, असे लक्ष्मणाला त्याला सांगावे लागते. आपल्या झाडीपट्टीतही (पूर्व विदर्भात) मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, रात्री खडीगंमत हे लोकनाट्य रंगते तेव्हा नट भूमिकेतून बाहेर येऊन प्रेक्षकांशी बोलतो आणि पुन्हा आत जातो, त्याने कोणाचा रसभंग होत नाही.

मार्टीची पटकथा हीदेखील अशीच नाटकातील नाटकाची जागा आहे. हिंसेची चटक लागलेला लेखक शांततेबद्दल लिहू शकतो का, हा प्रश्न त्या रचनेशिवाय विचारताच आला नसता.

प्रतिसाद : कापूस उत्पादक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

गुरुजी, रचना मला समजली, तरीही उत्तरार्ध मला कंटाळवाणा वाटला. सुरुवातीला दोन भाडोत्री खुनी गप्पा मारत उभे असतात आणि मागून शांतपणे चालत आलेला तिसराच त्यांना गोळ्या घालतो, तो प्रसंग अप्रतिम आहे. पुढे सगळे जण वाळवंटात जाऊन नुसते बोलत बसतात. पात्रे वाळवंटात जाऊन नुसती बोलत बसतील हे मार्टीच्या तोंडून आधी सूचित केले, म्हणून माझा कंटाळा कमी झाला नाही.

एक प्रसंग मात्र मान्य करतो. कोणी पळून जाऊ नये म्हणून बिली गाडी पेटवतो, चार्लीला फोन करून ठिकाण सांगतो, आणि चार्ली एकटा, हातात फक्त इशाऱ्याचे पिस्तूल घेऊन आल्यावर ठरलेला गोळीबार हुकला म्हणून त्याच्यावरच चिडतो. तिथे मी मनापासून हसलो.

प्रतिसाद : अंगणवाडी सेविका, आरमोरी

मूळ मत मांडणाऱ्या भाऊंनी हान्सच्या पत्नीचा, मायराचा उल्लेखच केला नाही, याचे मला आश्चर्य वाटले. ती कर्करोगाने रुग्णालयात आहे. चार्ली तिच्यासमोर येऊन बसतो, तो कोण आहे हे ती ओळखते आणि तरीही गयावया करत नाही. त्या काही मिनिटांत तिच्या चेहऱ्यावर जी ठाम शांतता आहे ती संपूर्ण चित्रपटात दुसऱ्या कोणाच्याही वाट्याला आलेली नाही. म्हणजे या लेखकाला बाई लिहिता येत होती. म्हणूनच माझा राग भाऊंच्या रागाहून मोठा आहे, कारण जिला लिहिता आले तिलाही त्याने गोळीच घातली, आणि तिच्या मरणाचा उपयोग हान्सचे दुःख दाखवण्यासाठी केला.

प्रतिसाद : महाविद्यालयीन विद्यार्थी, नागभीड

ताई, त्याच लेखकाने २०१७ मध्ये ‘थ्री बिलबोर्ड्स आउटसाइड एबिंग, मिसूरी’ केला. त्याच्या केंद्रस्थानी मुलीच्या खुनाचा जाब विचारणारी आई आहे, आणि त्या भूमिकेसाठी फ्रान्सिस मॅकडॉरमंड यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा ऑस्कर मिळाला. हान्सच्या तोंडून स्वतःला ऐकवलेले त्याने पुढे मनावर घेतले, असे मी समजतो.

दुसरे असे की, हान्स ध्वनिमुद्रण यंत्रावर जो शेवट बोलून ठेवतो त्याबद्दल इथे कोणीच लिहिले नाही. मार्टीच्या पटकथेतला, सूडासाठी अमेरिकेत आलेला व्हिएतनामी माणूस मुळात आत्मदहनाच्या क्षणी बसलेल्या बौद्ध भिक्खूच्या मनातले स्वप्न आहे, असे हान्स सुचवतो. व्हिएतनामी भिक्खू थिच क्वांग डुक यांनी ११ जून १९६३ रोजी सायगावमध्ये आत्मदहन केले, हे आमच्या घरी लहानपणापासून सांगितले जाते, कारण आजोबांनी १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतली होती. हान्स गेल्यानंतर मार्टी ती ध्वनिफीत ऐकतो तेव्हा सभागृहात पूर्ण शांतता होती. हसवण्यासाठी जमवलेल्या सात खुन्यांमधून असा शेवट निघतो, त्याला नुसती चलाखी म्हणता येणार नाही.

मूळ मत मांडणारा

गुरुजी, भवभूतीच्या नाटकातील नाटकाने रामाचे डोळे उघडतात, लोकांसमोर सीतेची शुद्धता सिद्ध होते आणि ती परत येते. तिथे आतल्या नाटकामुळे बाहेरचा अन्याय दूर होतो. माझी मागणी तेवढीच आहे, आणि मायराच्या बाबतीत ताई म्हणतात ते पाहता ती इथे पूर्ण झालेली नाही. भिक्खूच्या शेवटाने मीही हललो, पण ती मुक्ती पुन्हा एका पुरुषाचीच आहे. आणि २०१७ च्या चित्रपटाचे श्रेय त्या चित्रपटाला द्यावे.

प्रतिसाद : निवृत्त मराठी शिक्षक, आमगाव

एक प्रसंग तुम्ही विसरता आहात. श्रेयनामावली सुरू झाल्यावर जे उठले त्यांना तो दिसलाही नसेल. सात खुन्यांपैकी एक असलेल्या झकरायाने (टॉम वेट्स) आपली जीवनकथा मार्टीला एका अटीवर दिलेली असते, की चित्रपटात त्याच्या दुरावलेल्या साथीदार मॅगीसाठी निरोप द्यावा. मार्टी विसरतो. झकराया फोन करून त्याला मारायला येत असल्याचे सांगतो, मार्टी न घाबरता ते मान्य करतो, आणि त्या आवाजात बदललेला माणूस ओळखून झकराया बेत सोडून देतो. एक खून फक्त बोलण्याने टळतो. मार्टीला जो चित्रपट लिहायचा होता तो इथे घडला आहे.

प्रतिसाद : अंगणवाडी सेविका, आरमोरी

गुरुजी, प्रसंग सुंदर आहे हे मान्य. पण त्या निरोपावर मॅगीला काय म्हणायचे आहे, हे आपल्यापैकी कोणाला चित्रपटात ऐकू आले?