मदत हवी आहे: रेल्वेने आलेल्या वाटाण्याची पोती आतून गरम, चिकलठाण्यात थंड कशी करायची?

उत्तरेकडून पार्सल डब्यातून येणारा हिरवा वाटाणा छत्रपती संभाजीनगर स्टेशनवर उतरवून चिकलठाणा एमआयडीसीतल्या शीतगृहात न्यायचा आहे. डब्यात रेफ्रिजरेशन नाही. वाटाण्याचा श्वसनवेग (तोडल्यावरही शेंगा श्वसन करून उष्णता सोडतात, त्याचा वेग) भाज्यांमध्ये फार जास्त, त्यामुळे पोत्याच्या मधोमध उष्णता साचते, शेंगा पिवळ्या पडतात आणि साखरेचा स्टार्च होऊन गोडी जाते. म्हणूनच उशीर महागात पडतो.

भरलेली पोती थेट ० अंशाच्या खोलीत थप्पी लावली तर हवा आत शिरतच नाही. बाहेरच्या शेंगा गार, गाभा मात्र तासन्‌तास गरम. शिवाय एकाच दिवशी खोलीच्या क्षमतेच्या १०-१५ टक्क्यांहून जास्त गरम माल भरला तर आधीच्या मालाचंही तापमान चढतं.

विचार असा आहे: माल जाळीदार क्रेटमध्ये ओतायचा, क्रेटच्या दोन रांगा, मधली फट वरून ताडपत्रीने झाकायची आणि टोकाला पंखा लावून हवा क्रेटमधून ओढायची. किलोमागे सेकंदाला १ ते २ लिटर हवा धरली आहे.

हे कुणी चालवलंय का? पंखा कोणत्या दाबाचा घेतला? गार पाण्याने धुऊन थंड करणं वाटाण्याला मानवतं, पण इथल्या बोअरच्या पाण्यात क्लोरीन किती ठेवता आणि नंतर शेंगा कशा निथळवता?

शेजारी सफरचंद ठेवायचं नाही, त्यातून सुटणाऱ्या एथिलीन वायूने वाटाणा पिवळा पडतो, एवढं ठरलेलं आहे. जालना, नांदेडकडच्या शीतगृहवाल्यांनी कृपया आकड्यांसह सांगावं.