मोठ्या डिस्कवर विंडोज ९८: पार्टिशनच्या आकारापेक्षा त्याची जागा महत्त्वाची

५०० जीबीच्या डिस्कचे शंभर-शंभर जीबीचे पार्टिशन (स्वतंत्र भाग) केले की विंडोज ९८ निर्धोक चालते, असा सल्ला दिला जातो. तो धोक्याचा असल्याने हे लिहितो. या प्रणालीचा मूळ डिस्क-ड्रायव्हर (डिस्कशी बोलणारा प्रोग्राम) सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरील साठवणीच्या छोट्या कप्प्याचा, पत्ता २८ बिटांत लिहितो, म्हणजे ५१२ बाइटच्या सेक्टरने हिशेब केल्यास त्याची पोहोच डिस्कच्या आरंभापासून सुमारे १३७ जीबीपर्यंतच असते. त्यापलीकडचा पत्ता आला की वरचे बिट गळून पडतात आणि लिखाण डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर, म्हणजे कदाचित कोणती फाइल कुठे आहे याची नोंद ठेवणाऱ्या फाइल-तक्त्यावरच, जाऊन पडते. दुसरे पार्टिशन लहान असले तरी ते या सीमेपलीकडे पसरत असेल, तर ते भरू लागेपर्यंत सारे सुरळीत भासते आणि मग एकाएकी पहिल्या पार्टिशनमधील फाइली नष्ट होतात.

म्हणून विंडोज ९८ ची सर्व पार्टिशने पहिल्या १३७ जीबीतच बसवावीत आणि उरलेली जागा मोकळी ठेवावी. माझ्या मते याहून खात्रीचा मार्ग म्हणजे लिनक्समधील एचडीपार्म (hdparm) ही डिस्कच्या सेटिंग बदलणारी आज्ञा वापरून डिस्कलाच आपली क्षमता कमी सांगायला लावणे. मात्र आधी संपूर्ण बॅकअप घ्यावाच.

नंतरच्या विंडोज एक्सपीला सर्व्हिस पॅक १ या सुधारणा-संचापासून ४८ बिटांचे पत्ते कळतात, पण एमबीआर (पार्टिशनची नोंद ठेवण्याची जुनी पद्धत) या पद्धतीची २.२ टीबीची मर्यादा तिथेही उरतेच.