गॅसवर भांडं होतं, तेव्हा तुम्ही कुठे होतात?

गेल्या मे महिन्यात माझा पाच डझन हापूसचा रस करपला. आटवायला ठेवला होता. हा रस पातेल्याच्या कडा सोडेपर्यंत ढवळत राहायचा, हात थांबवायचा नाही, हे आईने शिकवलेलं. पण अंगणात आमसुलं आणि फणसाची साठं वाळत होती, आणि सड्याच्या बाजूने काळंभोर आभाळ चढलं. वळवाची सर आली की आमच्या घरातलं प्रत्येक माणूस वाळवणाकडे धावतं, तशी मीही धावले. सुपं, ताटं, चटया आत आणून परत आले, तर रस वरून पिवळाधमक. डाव घातला तेव्हा तळाचे काळे पापुद्रे वर आले. आंब्यातली साखर आधी खाली धरते, वर काही दिसत नाही. वाळवण वाचलं, वर्षभराचा रस गेला.

नंतर वाटलं, मी रस विसरले नव्हते. मी फक्त लांब होते. आपल्या घरांत स्वयंपाकघर पार मागे, मध्ये माजघर, पुढे ओटी, मागल्या दाराने गेलं की विहीर. ‘आलेच’ म्हणून निघालेलं माणूस वाटेत चार कामांना सापडतं. म्हणून विचारते. भांडं चुलीवर किंवा गॅसवर होतं, तेव्हा तुम्ही नेमके कुठे होतात? भाजलं असेल तर काय केलंत, तेही लिहा.

मालवणहून

मी घरातच होते, दोन खोल्या पलीकडे. पण आमच्या मागल्या पडवीवर पत्रे आहेत, आणि जुलैचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला की शेजारचं माणूस काय बोलतंय ते ऐकू येत नाही. कुकरमध्ये कुळीथ होते. पहिल्या दोन शिट्ट्या ऐकल्या, नंतर काहीच नाही. सासूबाईंनी विचारलं, “गो, कुकर बंद केलंस काय?” मी म्हटलं, “मी नाय, तुम्हीच केलात मां?” दोघी धावलो.

पाणी पूर्ण संपलं होतं. कुकरमध्ये पाणी आहे तोवर आतली उष्णता १२० अंशांच्या आसपास अडून राहते. पाणी संपलं की वाफ नाही, वाफ नाही म्हणून शिट्टीही नाही, आणि भांडं मात्र तापतच जातं. आमच्या कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधला मऊ धातू वितळला होता. तो त्यासाठीच असतो. सासूबाईंनी गॅस बंद केला आणि मला कुकरला हात लावू दिला नाही, गार पाणीही ओतू दिलं नाही. तासाभराने उघडला. तेव्हापासून शिट्टी वाजण्यापेक्षा ती थांबण्याची मला जास्त धास्ती वाटते. व्हॉल्व्ह नवा बसवल्याशिवाय तो कुकर परत वापरला नाही.

अलिबागजवळच्या गावातून

आम्ही सगळे आरतीला होतो. गणपतीत बाहेर झांजा वाजल्या की स्वयंपाकघरातली माणसंही हात पुसत ओटीवर येतात, आणि आमच्याकडची आरती पाऊण तासाच्या आत आटपत नाही. पुऱ्यांचं तेल मोठ्या आचेवर तसंच राहिलं. ‘घालीन लोटांगण’च्या वेळी धूर माजघरात आला. कढईतून हातभर ज्वाळा निघत होत्या. माझा चुलतभाऊ पाण्याची कळशी उचलून धावला आणि काकू त्याच्या आडवी आली. तिने आधी गॅस बंद केला, मग परात उपडी धरून कडेकडेने सरकवत कढईवर ठेवली.

ती आडवी आली नसती तर काय झालं असतं, ते मी नंतर समजून घेतलं. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं. तिथे क्षणात त्याची वाफ होते, हजारपटीहून जास्त फुगते आणि पेटतं तेल घरभर उडवते. आमचं छप्पर लाकडी वाशांचं. काकूने ती परात बराच वेळ कुणाला उचलू दिली नाही, कारण तेल गरम असताना हवा लागली तर ते पुन्हा पेटतं. या वर्षीपासून आरतीआधी एक माणूस स्वयंपाकघरात बघून येतं आणि मगच झांज वाजते.

गुहागरहून

गॅसचं नाही, परसातल्या चुलीचं सांगतो, चालेल ना? काजूच्या बिया जुन्या पत्र्यावर भाजायला टाकल्या होत्या आणि मी विहिरीवरचा पंप बंद करायला गेलो. काजूच्या टरफलात तेल असतं, ते तापलं की भडकतं. मी परत येईपर्यंत सगळा पत्रा पेटला होता आणि माझी सात वर्षांची पुतणी काठीने बिया बाहेर ओढत होती. ते तेल नुसतं गरम म्हणून भाजत नाही, त्वचेला मुळातच खातं. तिच्या मनगटावर उडालं. वाहत्या पाण्याखाली हात २० मिनिटं धरला, साबणाने धुतला आणि डॉक्टरांकडे नेलं. आजीने हळद काढली होती, ती लावू दिली नाही. डाग अजून आहे. बिया मी माती टाकून विझवल्या. पंप थोडा वेळ चालू राहिला असता तर काय बिघडणार होतं, हे मला रोज आठवतं.

देवगडहून

हे लिहायला जड जातंय. घावन्यांसाठी नवीन नॉनस्टिक तवा आणला होता. तो रिकामाच मोठ्या आचेवर ठेवला आणि बागेत वानर उतरले म्हणून फटाके घेऊन पळाले. पंधरा मिनिटं लागली असतील. आले तर तवा धुमसत होता, आणि खिडकीजवळच्या पिंजऱ्यातले आमचे दोन्ही लव्हबर्ड खाली पडले होते. करपल्याचा वाससुद्धा फारसा नव्हता.

त्या लेपाला टेफ्लॉन म्हणतात. साधारण २६० अंशांच्या पुढे तो बिघडू लागतो, आणखी तापला की विषारी वायू सोडतो. माणसाला त्याने ताप-खोकला येऊ शकतो, पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक, ते काही मिनिटांत जातात. रिकामा तवा तेवढा तापायला फार वेळ लागत नाही. हे मला दुकानात कुणी सांगितलं नाही, म्हणून इथे सांगते. पक्षी असतील तर पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नका. घावने आता पुन्हा सासूबाईंच्या बिडाच्या तव्यावर.

चिपळूणहून

दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅस चालू राहिला. मी गच्चीवर होते. खाली येऊन दिव्याच्या बटणाकडे हात गेला आणि वास आल्यामुळे थबकला. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, आणि आमच्या उंच उंबरठ्याने तर तो अडूनच धरला होता. कुठलंही बटण न दाबता रेग्युलेटर बंद केला, मागलं-पुढलं दार उघडलं, बाहेर जाऊन गॅसगळतीसाठीच्या १९०६ या नंबरला फोन केला. हा नंबर फ्रिजवर नको, दाराबाहेर लिहून ठेवा.

मुंबईहून, घर राजापूर तालुक्यात

मी तिथे नव्हतोच, पण भांडं माझ्यामुळे करपत होतं. आई गावी एकटी असते. मी रोज संध्याकाळी सातला, ऑफिसातून निघालो की फोन करतो. रेंज फक्त खळ्यात, तुळशीपाशी मिळते, म्हणून ती तिथे येऊन बोलते. तिच्या पेजेची वेळही तीच.

गणपतीला गेलो तेव्हा मागल्या पडवीत नारळाच्या सोडणांच्या ढिगामागे तीन पातेली सापडली, तिन्ही काळीठिक्कर. तिने लपवली होती. विचारलं तर बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “तू घर बंद करून मला तिकडे नेशील.” मी तिथेच बसून राहिलो.

आता फोन उचलल्याबरोबर पहिलं वाक्य माझं असतं, “आई, चुलीवर काय आहे?” असेल तर ती म्हणते, “थांब, उतरवून येते,” आणि मी थांबतो. तिची पावलं ऐकू येतात, जाताना आणि येताना. मुंबईला चल असं मी तेव्हापासून म्हटलेलं नाही.

वेंगुर्ल्याहून

राजापूरच्या दादांना सांगते, ती पातेली टाकू नका. ॲल्युमिनियमची असतील तर सोडा घालू नका, आणखी काळी पडतील. पातेलं बुडेल एवढ्या पाण्यात मूठभर जुनी आमसुलं घालून उकळा, आणि उकळेपर्यंत तिथेच उभे राहा. रात्रभर तसंच ठेवा. सकाळी लाकडी उलथन्याने खरवडून सोडणाने घासा. एका खेपेत नाही निघालं तर दुसऱ्यांदा करा. आईंना सोबत बसवून करा.