सर म्हणाले घरी जा, म्हणून मुलगा खरंच घरी निघून आला. यात उद्धटपणा कुठे आहे?

अमळनेरची_मम्मी

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मुलगा साडेआठ वर्षांचा, तिसरीत आहे. मागच्या वर्षी नाशिकला दाखवलं तेव्हा ऑटिझम आहे असं कळलं. बोलतो व्यवस्थित, वाचतो भरपूर, आमच्या शिवारात कोणाच्या विहिरीवर किती हॉर्सपॉवरची मोटर आहे ते सगळं तोंडपाठ.

सोमवारी गणिताचा तास चालू होता, सरांनी पुढचं गणित दिलं पण याचं आधीचं संपलं नव्हतं म्हणून हा तेच करत बसला, सर दोनदा बोलले आणि मग चिडून म्हणाले, "करायचं नसेल तर उचल दप्तर आणि जा घरी." याने वही मिटली, दप्तर भरलं, बाटली घेतली, बूट घातले आणि निघाला. दीड किलोमीटर, मध्ये ट्रॅक्टर-ट्रकचा रस्ता. मी भाकरी थापत होते, हा दारात येऊन म्हणतो, "मम्मी, सरांनी घरी पाठवलं." तिकडे शाळेत सगळे शोधतायत आणि मला फोन आला तो हा घरी येऊन दहा मिनिटं झाल्यावर. काहीही झालं असतं हो रस्त्यात, अजून रात्री झोप लागत नाही मला.

दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. मुलगा उद्धट आहे, सरांचा अपमान केला, माफीनामा लिहून आणा. हा काय म्हणतो, "माझं काय चुकलं ते सांग, मग लिहितो." माझ्याकडे उत्तर नाही. मिस्टर म्हणतात लिहून टाक, विषय संपव. मोठी माय म्हणते, "पोरगानी काय वाईट करं? त्यास्नी सांगं, हाऊ उना." (पोराने काय वाईट केलं? त्यांनी सांगितलं, हा आला.)

असंच कानबाईच्या रोटाला (आमचा खान्देशी सण) झालं. नंदुरबारच्या आत्याबाईंनी लाडाने विचारलं, "विसरलास ना रे मला?" हा म्हणाला, "हो." त्या अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

माफी लिहायला लावू का? आणि सरांशी कसं बोलू? सर वाईट नाहीयेत, शिकवतात मनापासून.

तापीकाठ

ताई, अर्थ कळल्याशिवाय माफी लिहायला लावू नका, कळकळीने सांगतो. मी ३६ वर्षांचा आहे, मला स्वतःला ऑटिझम आहे हे ३३ व्या वर्षी कळलं, तोपर्यंत मी हजार वेळा माफी मागितली असेल आणि त्यातल्या नव्वद टक्के वेळा कशाबद्दल ते माहीत नव्हतं. त्यातून एवढंच शिकलो की मोठा माणूस चिडला की सॉरी म्हणायचं.

एक प्रसंग सांगतो. मी नऊ वर्षांचा, यावलकडे आमची केळी. आप्पांनी (मोठे काका) मला मोटरच्या खोलीजवळ उभं केलं, म्हणाले, "इथंच थांब, हलू नको, मी आलोच." आणि त्यांना कोणीतरी भेटलं, ते दुसऱ्या वाटेने गावात गेले आणि विसरले. मी थांबलो. उन्हं उतरेपर्यंत थांबलो. पायाजवळ पाइपातून पाणी गळत होतं, टाच भिजून पांढरी पडली होती तरी पाय उचलला नाही कारण हलू नको म्हणाले होते. खोलीची सावली आधी माझ्यापासून लांब होती, मग माझ्यावर आली, मग केळीच्या पहिल्या ओळीपर्यंत गेली, ती मी बघत होतो. अंधारात आप्पा बॅटरी घेऊन पळत आले, आधी कानाखाली बसली आणि मग पोटाशी धरून रडायला लागले, मला दोन्हीचा अर्थ लागला नाही. घरी सगळे म्हणाले याला डोकंच नाही. आणि मला आतून वाटत होतं की मी किती नीट थांबलो.

त्यानंतर मला कोणी काही सांगितलं की मी विचारायचो, "किती वेळ? आणि तुम्ही आला नाहीत तर?" मला पुन्हा चुकायचं नव्हतं म्हणून विचारायचो, पण घरात त्याचंच नाव पडलं उलट उत्तर देणं. तुमचा मुलगा "माझं काय चुकलं" विचारतोय ना, तो प्रश्नच आहे, वाद नाही. त्याला खरं उत्तर द्या.

शिरपूरवाला

ताई राग मानू नका, पण जग काही तुमच्या मुलासाठी बदलणार नाही. उद्या नोकरीत साहेब चिडून काही बोलला तर हा राजीनामा देऊन घरी येणार का? आमच्या वेळी गुरुजींनी घरी जा म्हटलं तर आम्ही मान खाली घालून बसायचो. आत्तापासून शिकवायला लागेल, समजून घ्या समजून घ्या करून मुलं कच्ची राहतात. काळजीने बोलतोय.

तापीकाठ

दादा, शिकवायला लागेल हे मान्य. पण शिकायचं फक्त त्यानेच का? तो साडेआठचा आहे, सर चाळिशीचे असतील.

डेमियन मिल्टन म्हणून एक समाजशास्त्रज्ञ आहेत, स्वतः ऑटिस्टिक, त्यांनी २०१२ मध्ये हेच मांडलं, त्याला डबल एम्पथी प्रॉब्लेम म्हणतात. म्हणजे ऑटिस्टिक माणसाला समोरच्याचं मन कळत नाही असं एकतर्फी धरून चालतात, पण समोरच्यालाही याचं कळत नसतं, गाठ दोन्हीकडून पडलेली असते. नंतर २०२० मध्ये एडिनबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखा प्रयोग केला, आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तेवढीच टिकली जेवढी सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत टिकली, जास्त गळली ती दोघं मिसळलेल्या साखळीत. हे वाचलं तेव्हा मी मोबाइल बाजूला ठेवून बराच वेळ नुसता बसून होतो. तीस वर्षं मला सांगितलं गेलं की बिघाड तुझ्यात आहे.

झेडपीच्या_बाई

मी साक्री तालुक्यात शिकवते, १९ वर्षं झाली. सरांच्या बाजूनेही थोडं सांगते कारण मी स्वतः तिथे उभी राहिलेय.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. मी म्हणायचे, "काय गं, वही काढायची का आता?" ती शांतपणे म्हणायची, "नाही." सगळा वर्ग हसायचा आणि मला वाटायचं ही मला खिजवतेय. एकदा तिला "माझ्याकडे बघून बोल" म्हटलं, तिने बघितलं ते बघतच राहिली, तर मीच म्हटलं "डोळे काय वटारतेस." त्या पोरीने कुठे बघायचं होतं? तिला मी अर्धा तास बाहेर उभं केलं होतं. ते मला आजही टोचतं.

आम्ही शिक्षक दिवसभर उलटं बोलतो हे आमच्या लक्षातच येत नाही. हुकूम असतो आणि बोलतो प्रश्नासारखं, धमकी असते आणि बोलतो परवानगीसारखं. "जा घरी" म्हणजे "गप बसून गणित कर" हे इतर मुलांना आवाजावरून कळतं, याने शब्द ऐकले. मी आता सरळ "वही काढा" म्हणते. एवढ्याने वर्गातली बरीचशी भांडणं मिटली, बाकीच्या मुलांचीपण.

सरांना एकटं भेटा, हेडमास्तरांसमोर नको. चूक कोणाची यापेक्षा त्याने काय ऐकलं ते सांगा. शाळेने फारच ताणलं तर माहीत असू द्या, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगता आहेत त्यात ऑटिझम आहे, आणि आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला मनाई आहे. पण कायदा पहिल्या भेटीत काढू नका, माणूस लगेच आखडतो.

शिरपूरच्या दादांना, तो मुलगा कच्चा नाहीये हो, दीड किलोमीटर एकटा नीट घरी आला.

अमळनेरची_मम्मी

सगळ्यांचे आभार, तापीकाठ दादा तुमचं मोठ्या मायला वाचून दाखवलं, आप्पांचा प्रसंग आला तिथे ती रडली.

काल सरांना भेटले. मी फक्त एवढं म्हटलं की सर, त्याला वाटलं तुम्ही खरंच पाठवताय, बूट घालताना तो तुमच्याकडे बघत होता, तुम्ही थांबवलं नाही म्हणून गेला. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मला वाटलं हा सगळ्या वर्गासमोर माझी जिरवतोय, दारापर्यंत जाऊन परत येईल.

घरी आल्यावर मुलाला सांगितलं की तू गेल्यावर सर घाबरले होते, विहिरीत वाकून बघितलं त्यांनी. तर म्हणतो, "पण विहिरीवर जाळी आहे, सरांना माहितीये." मी म्हटलं घाबरल्यावर माहीत असलेलंपण विसरतं माणूस. हे त्याला पटलं, कारण फटाक्यांच्या वेळी त्याचं तसंच होतं. मग स्वतःच वही घेऊन बसला आणि लिहिलं, "सर, तुम्ही घाबराल हे मला माहीत नव्हतं. पुढच्या वेळी मी विचारीन की खरंच जाऊ का. तुम्ही हो किंवा नाही सांगा."

सरांनी त्याखाली "नाही" लिहून सही करून दिलीये. आत्याबाईंना रविवारी फोन करणार आहे, त्यांना कसं सांगायचं ते अजून सुचत नाहीये.