माठाचं पाणी खरंच गार असतं, की नुसता हट्ट?

ठाणेकर त्रस्त:
आमच्या घरात मे महिन्यात दोन पक्ष पडतात. एक आईचा आणि एक फ्रीजचा. दुपारी बाहेरून यावं, शर्ट पाठीला चिकटलेला असावा, फ्रीजच्या दाराला नुसता हात लावावा, की आतल्या खोलीतून आवाज येतो, "माठातलं घे रे, घसा धरेल!" मी छत्तीस वर्षांचा आहे. घराचे हप्ते माझ्या नावावर आहेत, घसा अजून आईच्या.

या रविवारी बायकोचा केकमध्ये खुपसायचा थर्मामीटर घेऊन मोजलंच. खोली ३३, फिल्टरचं पाणी ३२, माठातलं २९, फ्रीजच्या बाटलीतलं ८. म्हणजे तीन अंशांसाठी तिवई, ओलं फडकं, खाली परात, आणि परातीत साचलेल्या पाण्यात डासांची बालवाडी.

माझं म्हणणं असं, की माठ हे गार पाण्याचं साधन नाही, बालपणाच्या आठवणींचं आहे. पूर्वजांना दुसरं काही मिळत नव्हतं म्हणून ते माठातलं प्यायचे. मिळालं तेव्हा धावत सुटले. १८३४ साली अमेरिकेतून जहाजाने मुंबईत बर्फ आला, तेव्हा जमशेटजी जीजीभाईंनी आपल्या मेजवानीत लगेच आइस्क्रीम वाढलं होतं. कोणी म्हटलं नाही, "नको, आमचा माठ बरा." बोला आता.

कुंभारवाडा:
थर्मामीटर लावून पाणी पिणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहतोय. अहो, ८ अंशांचं पाणी ही शिक्षा आहे. दोन घोट घेतले की दात कळवळतात आणि तहान तशीच राहते. माठातलं तांब्याभर घटाघट पिता येतं. वाळ्याची जुडी टाकलेली असली तर पाण्याआधी वास येतो. पावसाच्या पहिल्या सरीला आणि नव्या माठातल्या पहिल्या पाण्याला एकच वास असतो. तो कुठल्या बाटलीत भरून मिळतो ते सांगा.

काळा खट्टा:
मी गोळ्यावाल्याच्या पक्षात. धन्यवाद.

जुनी कागदपत्रं:
ठाणेकर, जमशेटजींची गोष्ट तुम्ही सोयीने अर्धीच सांगितलीत. ते आइस्क्रीम खाऊन यजमानांना आणि पाहुण्यांना सर्दी झाली, आणि ही बातमी 'मुंबई समाचार'मध्ये छापून आली, अशी ती पुरी गोष्ट आहे. म्हणजे मुंबईत आइस्क्रीमची पहिली चर्चा झाली तीच घसा धरण्यावरून. तुमच्या मातोश्रींची बाजू जवळजवळ दोनशे वर्षं जुनी आहे.

बर्फाबद्दल मात्र थोडं सांगायलाच हवं, कारण प्रकार खरोखर अचाट आहे. फ्रेडरिक ट्यूडर हा बोस्टनचा व्यापारी. हिवाळ्यात तिथली तळी गोठली की बर्फाच्या लाद्या कापायच्या, लाकडाच्या भुशात दाबून बसवायच्या आणि जहाजाने पाठवायच्या. १८३३ च्या मे महिन्यात 'टस्कनी' नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. चार महिने प्रवास. त्यात विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, कारण सुएझ कालवा तेव्हा नव्हता, आफ्रिकेला वळसा घालूनच यावं लागे. तरीही पोचताना सुमारे १०० टन शिल्लक होता! आमच्याकडे दुकानापासून घरापर्यंत कुल्फी टिकत नाही.

मग बर्फ ठेवायला खास घरं बांधली. मद्रासचं १८४२ सालचं आइस हाउस आजही उभं आहे. १८९७ मध्ये विवेकानंद तिथे मुक्कामाला होते म्हणून आता ते त्यांच्या नावाने ओळखतात. मुंबईचं बर्फघर त्यानंतर वर्षभरात झालं, ते मात्र राहिलं नाही.

ठाणेकर त्रस्त:
सर्दी पाहुण्यांना झाली हे मान्य. पण त्यानंतर जमशेटजी माठाकडे परत गेले असं काही वाचनात आलंय का?

अर्धवट अभियंता:
दोघेही चुकताय. माठ गार करतो, पण कुठे ठेवलाय त्यावर सगळं आहे.

माठाची भिंत सच्छिद्र असते. पाणी झिरपून बाहेर येतं, तिथे उडून जातं, आणि उडताना उष्णता आतल्या पाण्यातून ओढून नेतं. एक ग्रॅम पाण्याला उडायला सुमारे ५८० कॅलरी लागतात. दहा लिटरच्या माठातून नुसतं १०० मिली उडालं, म्हणजे जेमतेम अर्धा कप, तरी बाकीचं पाणी सहाएक अंशांनी उतरायला हवं. प्रत्यक्षात तितकं उतरत नाही, कारण खोलीची गरम हवा भरपाई करत राहते.

आता ठाण्याची गोची. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पारा जिथे थांबतो, त्याच्या खाली माठ कधीच जाऊ शकत नाही. खोली ३३ आणि दमटपणा ६५ टक्के असेल तर तो पारा साधारण साडेसत्तावीसला थांबतो. तुमचा माठ २९ पर्यंत आला. अहो, त्याला डिस्टिंक्शन द्या! बिचारा खाडीच्या हवेत आणखी काय करणार?

वऱ्हाडी ठेचा:
आता बोलला ना कामाचं. राजेहो, तुम्ही मुंबई-ठाण्याची माणसं माठाले नावं ठेवूच नका, तुमची हवाच ओल्या टॉवेलासारखी. आमच्या नागपुरात मेमध्ये ४३ म्हणजे बरा दिवस. हवा अशी कोरडी, की धुतलेला पायजमा पिळून टाकला अन् चहा पिऊन आलं की वाळला. इथं माठातलं पाणी पिऊन पाहा, मग सांगा फ्रीजचं. आमचा कूलर म्हणजे तरी काय, पंखा लावलेला माठच. फक्त आवाज करते.

अन् रस्त्यावरची पाणपोई विसरले का? लाल कपडा गुंडाळलेले दोन रांजण, वरून दर तासाले कपड्यावर पाणी मारणारा म्हातारा. त्यानं लांब दांड्याच्या ओगराळ्यानं ओंजळीत पाणी ओतलं की अर्धं कोपरावरून गळते, तेही गार वाटते. तिथं फ्रीज ठेवणार का कोणी?

अर्धवट अभियंता:
बरोबर. ४३ अंश आणि पंधराएक टक्के दमटपणा असला तर ओल्या फडक्याचा पारा तेवीसच्या आसपास उतरतो. नागपूरच्या माठातलं पाणी ठाण्याच्या माठापेक्षा गार असतं, बाहेर दहा अंश जास्त असूनही. हे ऐकून ठाण्याच्या लोकांचा विश्वास बसत नाही, माझा स्वतःच्या मेव्हण्याचा अनुभव.

खानदेशकन्या:
अंशांचा हिशोब चालू द्या. आमच्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घागर भरतात. नवी मातीची घागर, तिच्यावर डांगर (खरबूज), पुरणपोळी आणि आंब्याच्या रसाचं जेवण, आणि पहिलं पाणी पितरांचं. त्यांना दाखवल्याशिवाय आमच्या आजीने कधी आंबा तोंडाला लावला नाही. आता पितरांच्या नावाने फ्रीजची बाटली कशी ठेवणार? प्लास्टिकची, वर कंपनीचं नाव लिहिलेली?

ठाणेकर त्रस्त:
ताई, पितरांच्या घागरीवर मी एक अक्षर बोलणार नाही, आईही हा धागा वाचते. प्रश्न रोजच्या माठाचा आहे. आणि स्वच्छतेचं काय? घरातले सहाजण त्यात पेले बुडवतात. मोबाइलवर रोज फिरतं की माती पाणी शुद्ध करते, जंतू मारते, पोटाचं आम्ल घालवते. यातलं खरं किती?

अर्धवट अभियंता:
माठ जंतू मारेल या भरवशावर राहू नका. आधी गाळून-उकळून घ्या, मग माठात भरा, आणि पेला बुडवणाऱ्याचा हात धरा. ओगराळं त्यासाठीच असतं, नाहीतर तोटीचा माठ घ्या. आणि घेताना तो फुलापानांनी रंगवलेला चकचकीत माठ घेऊ नका. ऑइलपेंटने छिद्रं बुजतात, माठाला घाम येत नाही, मग तो नुसता मातीचा पिंप.

कुंभारवाडा:
हे मात्र लाखातलं बोललात. माठ घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघायचा, टणटण वाजला पाहिजे. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचा. पहिल्या दोन दिवसांचं पाणी झाडांना. आणि दोनतीन उन्हाळे झाले की बाहेरून पांढरा थर धरतो, छिद्रं भरतात, माठ गार करेनासा होतो. मग त्याला कोपऱ्यात पाठवून त्यात अळू लावायचं. ठाणेकर, तुमचा माठ किती सालचा?

ठाणेकर त्रस्त:
माझ्या लग्नाआधीचा.

कुंभारवाडा:
मग आधी माठ बदला, मग धागे काढा!

जुनी कागदपत्रं:
मूळ मुद्द्यावर येतो. ठाणेकरांनी माठ एकीकडे आणि बर्फ दुसरीकडे अशी मांडणी केली आहे, तीच मला पटत नाही. १७७५ साली रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादकडचं वर्णन छापलं आहे. जिथे त्याला तळ्यात-डबक्यात कधी बर्फ दिसला नाही, तिथे लोक बर्फ तयार करत होते. उघड्या मैदानात साधारण तीस फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डे. तळाला उसाची नाहीतर मक्याची वाळलेली ताटं, वीत-सव्वा वीत जाड. त्यावर ओळीने पातळ, बिनझिलईच्या मातीच्या ताटल्या, इंच-सव्वा इंच खोल. संध्याकाळी त्यात उकळून गार केलेलं पाणी भरायचं आणि सूर्य उगवायच्या आत बर्फ गोळा करायचा. स्वच्छ आभाळ, कोरडी हवा आणि पाझरणारी माती, एवढंच यंत्र. तो बर्फ खड्ड्यात दाबून उन्हाळ्यापर्यंत टिकवायचा. म्हणजे बोस्टनचं जहाज यायच्या साठ वर्षं आधी आपल्याकडे माठाच्या सख्ख्या भावंडांनी बर्फ करून दाखवला होता.

आणि अकबराचा मुदपाकखाना विसरू नका. 'आईन-इ-अकबरी'त कृती दिली आहे: अडीच शेर सोरा पाच शेर पाण्यात घालायचा, त्यात पिण्याच्या पाण्याची तोंड बंद केलेली सुरई पाव तास फिरवत राहायची. सोरा विरघळताना उष्णता खेचतो. तोफेची दारू ज्या सोऱ्यापासून होते, त्याच सोऱ्याने बादशहाचं पाणी गार.

काळा खट्टा:
म्हणजे पॉटमधल्या आइस्क्रीमला आपण बर्फात खडेमीठ घालून दांडा फिरवायचो, त्याच जातीतलं. शंभर फेरे माझे, शंभर भावाचे, आणि खायला पहिला बाबांचा वाडगा. बर्फाची लादी सायकलच्या कॅरिअरवर गोणपाटात गुंडाळून यायची. रस्त्यावर पाण्याची रेघ उमटायची आणि गोणपाट सोडलं की लादीला भुसा चिकटलेला. तो भुसा बोस्टनहून आलाय हे आज कळलं.

ठाणेकर त्रस्त:
मोठी बातमी. आज दुपारी पुन्हा मोजलं. खोली ३३. माठ २२! तोच जुना, पांढरा पडलेला माठ. आई विजयी मुद्रेने उभी. मी धागा मागे घेऊ का?

अर्धवट अभियंता:
थांबा. ठाण्यात २२ अशक्य. आज हवा कोरडी होती?

ठाणेकर त्रस्त:
छे. पापड मऊ पडलेत.

अर्धवट अभियंता:
माठात पाणी किती होतं?

ठाणेकर त्रस्त:
अर्ध्यापेक्षा थोडं जास्त. सहाएक लिटर असेल.

अर्धवट अभियंता:
२९ अंशांचं चार लिटर आणि ८ अंशांचं दोन लिटर मिसळलं तर बरोबर २२ येतं. फ्रीजमध्ये जाऊन लिटरच्या दोन बाटल्या रिकाम्या आहेत का बघा. आणि दुपारी घरी कोण होतं ते सांगा.

वऱ्हाडी ठेचा:
अगागागा!

ठाणेकर त्रस्त:
दोन्ही रिकाम्या, ओट्यावर उपड्या घातलेल्या. आईला विचारलं. क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मावशी येणार होती, तिला गारच लागतं. आणि दिलं तर माठातूनच ना?"